तीन खाटांची खोली

नोएमीच्या पोटावर जेल फासून डॉ. वियेनो सोनोग्राफीच्या पडद्याकडे बघत होती. नोएमीही मान वळवून पडद्याकडेच बघत होती, आणि अझेली बघत होती डॉक्टरच्या तोंडाकडे. पडद्यावरचं काळंपांढरं तिला काही वाचता येत नसे, माणसाचा चेहरा मात्र यायचा. डॉक्टरची भुवई किंचित आकसली, तशी अझेलीनं मांडीवरची पर्स घट्ट धरली.

नोएमी तिची नात, सत्तावीस वर्षांची, पहिलटकरीण. नोएमीची आई फाबियेन नवऱ्याबरोबर देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, अल्बर्टात, तेलाच्या कामावर. म्हणून विसाव्या आठवड्याच्या तपासणीला मंक्टनच्या इस्पितळापर्यंत मेमे सोबत आली होती. अझेलीला सगळी नातवंडं मेमेच म्हणत.

"बाळ छान आहे," डॉक्टर म्हणाली. "वार तेवढी जरा खाली आहे. पिशवीच्या तोंडाशी आलीय."

नोएमी काही बोलायच्या आत अझेलीनं विचारलं, "मग दाखल कधी व्हायचं?"

"दाखल कशाला?"

"निजायला."

डॉक्टर वियेनो पस्तिशीची असेल. पायात धावायचे बूट, केस वर बांधलेले. तिनं यंत्र बाजूला ठेवलं आणि म्हातारीकडे नीट वळून बघितलं. "आजी, आता नाही कुणाला निजवून ठेवत. पिशवी वाढते तशी वार वर सरकते, दहातल्या नऊ जणींची तरी. बत्तिसाव्या आठवड्यात पुन्हा बघू. रक्त गेलं तर मात्र दुखो न दुखो, तडक इथं यायचं. तोवर हिंडायचं, फिरायचं, कामावर जायचं."

"पण निजून राहिली तर बरंच ना?"

"नाही हो. बायकांना महिनोन्‌महिने आडवं करून काही साधत नाही, हे आता पुरतं तपासून झालंय. उलट पायांत रक्ताच्या गुठळ्या होतात, अंगातलं बळ जातं. पूर्वी निजवायचे, कारण दुसरं हातात काही नव्हतं."

नोएमी कपडे ठीकठाक करायला कापडी पडद्याआड गेली. अझेली मात्र खुर्चीत बसून राहिली. काही साधत नाही, असं ती पोरगी किती सहज बोलून गेली.

१९७३ सालच्या मे महिन्यात अझेली तेवीस वर्षांची होती आणि तिला नुकता सातवा लागला होता. शेवंडीचा, म्हणजे लॉब्स्टरचा, हंगाम सुरू होऊन आठवडा झालेला. नवरा फिदेल पहाटे होडी घेऊन जायचा आणि अझेली आंस-ब्लांश गावातल्या शेवंडी डब्यांत भरायच्या कारखान्यात उभ्यानं नांग्यांतलं मांस काढायची. एके दिवशी तिला गमबुटात ओलं लागलं. पाणी शिरलं असेल म्हणून तिनं तसंच काम चालू ठेवलं. दुखत काहीच नव्हतं. शेजारच्या बाईनं खाली बघितलं आणि हातातली सुरी टाकून दिली.

दोन तास गाडी हाकून तिला मंक्टनला इस्पितळात आणलं. तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत तीन खाटा होत्या, त्यातली दारालगतची तिला मिळाली. रक्त थांबलं होतं. संध्याकाळी उंच, हाडापेराची, पुरुषासारखी ढांगा टाकणारी एक बाई आली. ती डॉक्टर कादलेत्सोवा. पाच वर्षांपूर्वी परके रणगाडे शिरले तेव्हा आपला देश सोडून आलेली. तिचं आडनाव कुणालाच उच्चारता येईना, म्हणून बायकांनी त्याचं कादो करून टाकलं होतं. त्यांच्या फ्रेंच बोलीत कादो म्हणजे भेटवस्तू. डॉक्टर फ्रेंच बोलायची, पण पुल्लिंग-स्त्रीलिंगाशी तिचं हाडवैर होतं.

"तुझा वार खाली आला," ती म्हणाली. "मी आत हात घालून बघणार नाही. बघितला तर फुटला. तू आता निजली. बाळ निघेपर्यंत निजली. पाय खाली ठेवायची नाही."

"किती दिवस?"

"सहा आठवडे. सात मिळाला तर फारच चांगली."

अझेली उशीत तोंड खुपसून रडायला लागली. मधल्या खाटेवरून आवाज आला, "रड बाई, पण बेताबेतानं रड. सात आठवडे पुरवायचंय."

ती रोज-आल्मा. मेमरॅमकूक गावची, चौथं बाळंतपण, पोटात जुळी. तिचं पोट एवढं मोठं होतं की पलीकडच्या खिडकीतलं एल्मचं झाड अझेलीला अर्धंच दिसे. रोज-आल्मा दिवसभर बोलायची. नर्सांची लग्नं जुळवायची, जेवणातल्या रस्सामिश्रित पाण्याला नावं ठेवायची, आणि कुणी ऐकायला नसलं तर पोटातल्या दोघांना शिव्या द्यायची.

खिडकीशी मॉड टिंगली होती. एकोणचाळीस वर्षांची, सॅकव्हिलजवळच्या कुरणांवर गवताची शेती करणाऱ्या मरे टिंगलीची बायको, इंग्रजी बोलणारी, बाप्टिस्ट. तीन वेळा तिचं पोट पाचव्या महिन्यात रिकामं झालं होतं. आता डॉक्टर कादोनं पिशवीच्या तोंडाला टाका घातला होता, आणि खाटेची पायाकडची बाजू विटांवर चढवून ठेवली होती. मॉड डोकं खाली, पाय वर अशी महिनाभर पडून होती. फ्रेंच तिला ओ की ठो कळत नव्हतं, आणि अझेलीचं इंग्रजी कारखान्यातल्या डब्यांवर छापलेलं असायचं तेवढंच.

मध्ये दुभाषी म्हणून रोज-आल्मा. ती मंक्टनच्या दुकानात राबलेली, दोन्ही भाषा यायच्या, पण दोन्हीकडे खरं सांगायची तिला सवय नव्हती. एकदा मॉड बराच वेळ काहीतरी सौम्यपणे बोलली.

"काय म्हणतात त्या?" अझेलीनं विचारलं.

"म्हणते, रेडिओवरचं गाणं झकास आहे, अजून मोठं कर."

अझेलीनं उशाशी असलेला रेडिओ मोठा केला. मॉडनं डोळे मिटून घेतले. रोज-आल्माचं पोट पांघरुणाखाली गदगदा हलत होतं. ते हलणं बघून मॉडला काय झालं ते कळलं आणि ती हसली. अझेलीनं तिला हसताना पहिल्यांदा बघितलं ते तेव्हा. खालचे दोन दात एकावर एक चढलेले होते आणि हसताना ती ते ओठांनी झाकायची.

दुसऱ्या रविवारी फिदेल ट्रक घेऊन आला. रविवारी होड्या जात नसत, तेवढाच त्याला दिवस मोकळा. त्यानं दाढी केली होती आणि हातात अझेलीचा कोट होता.

"आईनं सांगितलंय, रक्त थांबलंय ना, मग घरी आण," तो म्हणाला. "निजायचंच तर घरीही निजता येतं. ती करील तुझं."

अझेलीला तेच हवं होतं. तिनं कोटासाठी हातही पुढं केला. तेवढ्यात डॉक्टर कादो आत आली. ती ओरडली नाही. तिनं मॉडच्या पायाशी ठेवलेली गरम पाण्याची रबरी पिशवी उचलली, तोंड खाली करून फिदेलच्या डोळ्यांसमोर धरली आणि बुचावर आपला तळवा ठेवला.

"हा पिशवी. हे तोंड. हा माझा हात, म्हणजे वार. बाळाचा सगळा जेवण, सगळा रक्त इथून. आता तोंड उघडली, तर काय होणार?" तिनं तळवा बाजूला ओढला. "तुमचा गाव किती लांब?"

"दोन तास."

"हिच्या अंगात रक्त वीस मिनिटांची."

फिदेलनं कोट घडी करून कपाटात ठेवला. टोपी डोक्यावर घातली, काढली, परत घातली. जाताना तो बायकोला एवढंच म्हणाला, "आईला मी सांगतो काय ते."

त्यानंतरचा प्रत्येक रविवार मात्र सणासारखा गेला. फिदेल बादलीभर उकडलेल्या शेवंडी आणायचा. नांग्या फोडायला काही नव्हतं, म्हणून रोज-आल्मानं खाटेशेजारच्या कपाटाच्या दारात एकेक नांगी धरून दार आपटायचा शोध लावला. त्या धाडधाड आवाजानं एकदा डॉक्टर कादोच धावत आली. तिघी तोंडाला लोणी माखून आडव्या पडलेल्या, पांघरुणावर लाल कवचांचा ढीग. डॉक्टरनं दार लोटून घेतलं, स्टूल ओढलं आणि पांढऱ्या कोटाच्या बाह्या वर सारल्या.

"माझ्या देशाला समुद्र नाही," ती म्हणाली, आणि सहा नांग्या खाऊन उठली.

दुपारी रोज-आल्मा घोरायला लागली की खोली शांत व्हायची. मग मॉड आणि अझेली विणायच्या. मॉड तशी डोकं खाली करूनच विणायची, छातीवर लोकर ठेवून, सुया डोळ्यांसमोर वर धरून. अझेलीला मोज्याची टाच वळवता येत नव्हती. मॉड आपला मोजा उंच धरायची, एक टाका घालायची, थांबायची. अझेली बघून तसाच घालायची. चुकलं की मॉड जिभेनं चक् करायची. मोजायला म्हणून अझेली इंग्रजी आकडे शिकली आणि मॉड फ्रेंच. बाकी त्यांचं बोलणं बाळांवर चालायचं. एकीचं बाळ हललं की ती हात वर करायची, मग दुसरी आपल्या पोटावर हात ठेवून वाट बघायची आणि तिचंही हललं की हात वर करायची. नर्सला वाटायचं, या बायकांना काही हवंय.

जूनच्या मध्यावर रोज-आल्माला कळा सुरू झाल्या. ती स्ट्रेचरवरून जाता जाता म्हणाली, "माझ्या पाठीमागे गप्प बसू नका गं, खोली मरेल." दोन तासांत तिला दोन मुलगे झाले, दोन्ही गुबगुबीत. तिची खाट रिकामी झाली आणि अझेलीला खिडकीतलं अख्खं झाड दिसायला लागलं.

सत्तेचाळिसाव्या दिवशी सकाळी न्याहारीच्या ताटल्या नुकत्या वाटून झाल्या होत्या. अझेली पाव खात होती. तिला खाली ऊब लागली. तिनं पांघरूण उचललं आणि घंटेची दोरी धरायला गेली, पण हात दोरीपर्यंत पोचलाच नाही. ताटली पडल्याचा आवाज तिनं ऐकला. मग तिनं मॉडला बघितलं. मॉड आपली घंटा ओढत होती, एकदा, दोनदा. न्याहारीचा गाडा व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला होता, कुणी येईना. मॉडनं पाय खाली ठेवले. अकरा आठवड्यांत एकदाही जमिनीला न लागलेले ते पाय पांढरे आणि काटक्यांसारखे दिसत होते. खाटेचा कठडा, मग रोज-आल्माची खाट, मग भिंत धरत ती दारापर्यंत गेली आणि तिथून धावली. तिचं ओरडणं अझेलीला लांब लांब जाताना ऐकू आलं.

अझेली शुद्धीवर आली तेव्हा डॉक्टर कादो खाटेपाशी होती. "मुलगी," ती म्हणाली. "दोन किलो. काचेच्या पेटीत ठेवला. रडते फार, चांगली गोष्ट."

अझेलीनं आधी मॉडचं विचारलं. डॉक्टर दुसरीकडे बघून म्हणाली, "नंतर."

मॉडला त्याच संध्याकाळी कळा आल्या. टाका सुटला होता. मुलगा झाला, फारच लवकर झाला. त्याला अझेलीच्या फाबियेनच्या शेजारच्या पेटीत ठेवलं होतं. तीस तास तो जगला. तिसऱ्या दिवशी अझेलीला चाकांच्या खुर्चीतून बाळांच्या खोलीच्या काचेपाशी नेलं तेव्हा शेजारची पेटी रिकामी होती, आणि नर्स ती पुसत होती.

मॉड घरी जायच्या दिवशी तिला भेटायला आली. अंगात बाहेरचा कोट, हातात बॅग, दारात मरे टोपी चुरगाळत उभा. अझेलीला तिच्या तोंडाकडे बघवेना. मॉडनं काचेच्या दिशेनं बोट केलं, मग स्वतःकडे. बघू का, असं विचारत होती. दोघी गेल्या, एक खुर्चीत, एक खुर्चीमागे. मॉड बराच वेळ बघत राहिली. मग तिनं बॅगेतून मोज्यांचा एक जोड काढला आणि अझेलीच्या मांडीवर ठेवला. टाच सुरेख वळलेली होती. "पाय खाली ठेवायची नाही," ती फ्रेंचमध्ये म्हणाली, डॉक्टर कादोच्याच चुकांसकट. आकडे सोडले तर तिला येत होतं तेवढंच फ्रेंच.

दीड महिन्यानंतर पोटावरचे टाके दाखवायला गेली तेव्हा अझेलीनं डॉक्टरला विचारलं, "मॉड माझ्यासाठी धावली म्हणून टाका सुटला का?"

डॉक्टर कादो टेबलावरचं पेन फिरवत राहिली. "मला माहीत नाही," ती शेवटी म्हणाली. "मीपण विचारते स्वतःला. उत्तर नाही येत."

मॉडला पुढं मूल झालं नाही. दोघी दर उन्हाळ्यात एकदा भेटत राहिल्या. कधी फिदेल शेवंडी घेऊन कुरणांकडे जायचा, कधी मरे बटाटे घेऊन समुद्राकडे यायचा. फाबियेन मॉडच्या गवताच्या गंजीवर खेळली, तिच्याकडूनच पोहायला शिकली. अझेलीचं इंग्रजी सुधारलं, मॉडचं फ्रेंच मात्र आकड्यांपलीकडे गेलं नाही. पण एवढ्या वर्षांत अझेलीनं ती गोष्ट काढली नाही. आधी भाषा येत नव्हती हे कारण होतं. भाषा आल्यावर दुसरी कारणं सापडली. मग मरे गेला, पाठोपाठ फिदेल गेला, मॉड सॅकव्हिलच्या वृद्धाश्रमात राहायला गेली, आणि गेली दोन वर्षं भेटही नव्हती.

"मेमे, चल ना," नोएमी कोट चढवून उभी होती.

अझेली उठली, पण दारापाशी थबकली. डॉ. वियेनो संगणकावर काही टिपत होती.

"डॉक्टर, एक विचारू? पिशवीच्या तोंडाला टाका घातलेली बाई. अकरा आठवडे निजलेली. ती एकदाच उठून धावली, फार नाही, दाराबाहेर थोडं. तेवढ्यानं टाका सुटतो?"

डॉक्टरनं मान वर केली. कुणाचं, कधीचं, हे तिनं विचारलं नाही. "एकदा धावल्यानं नाही सुटत. सुटायचा असला तर निजल्या जागीही सुटतो. आता टाका घातलेल्या बायकांना आम्ही दुसऱ्या दिवशी चालत घरी पाठवतो."

"नक्की?"

"त्या एका बाईचं मी शपथेवर नाही सांगू शकणार. पण माझी बहीण असती तर तिला मी हेच सांगितलं असतं."

गाडीत बसल्यावर अझेलीनं पट्टा लावला. मग तिनं नातीला सगळं सांगितलं. त्या खोलीबद्दल नोएमीला ठाऊक होतं, शेवंडी, कपाटाचं दार, सगळं. मॉड धावली हे तिला ठाऊक नव्हतं.

"आईला माहितीये?"

"नाही."

नोएमीनं पुढच्या वळणावर गाडी घराच्या उलट दिशेला घेतली.

"अगं, हे कुठं?"

"सॅकव्हिलला. अर्धा तास तर आहे. तुला सांगायचंच आहे ना त्यांना."

मॉड खिडकीपाशी खुर्चीत बसली होती. चौऱ्याऐंशी वर्षांची, वाळून चिपाड झालेली, कानांनी पार गेलेली. कानात घालायचं यंत्र खणात पडून होतं, कारण त्यातून म्हणे जेवणघरातल्या चमच्यांशिवाय काही ऐकू येत नाही. तिनं अझेलीला ओळखलं, मग नोएमीच्या पोटाकडे बघितलं.

"किती आठवडे?"

नोएमीनं दोन्ही हातांची बोटं दोनदा दाखवली.

"खातेस की नाही नीट? चेहरा बघ केवढासा झालाय." मग अझेलीकडे वळून, "हिच्यावर लक्ष ठेव. आजकालच्या पोरी पानं खाऊन जगतात."

अझेलीनं खुर्ची तिच्याजवळ ओढली आणि मोठ्यानं सांगायला सुरुवात केली. मॉडला ऐकू जाईना. ती आणखी मोठ्यानं बोलली. शेजारच्या खोलीतला म्हातारा डोकावून गेला. शेवटी नोएमीनं पर्समधून वही काढून दिली आणि अझेलीनं आपल्या वेड्यावाकड्या इंग्रजीत लिहिलं: तू धावलीस म्हणून टाका सुटला नाही. डॉक्टर म्हणाली. माझ्यामुळे सुटला असं मला पंचेचाळीस वर्षं वाटत होतं.

मॉडनं वही डोळ्यांजवळ धरून वाचलं, मग परत वाचलं.

"हे तू एवढी वर्षं उराशी धरून बसली होतीस?" तिनं विचारलं.

अझेलीनं मान डोलावली.

"मला विचारायचंस तरी. माझ्या मनात नव्हतं तसलं काही." ती खिडकीकडे वळली. "ॲल्डन ठेवलं होतं आम्ही त्याचं नाव. त्याच्यासाठी मी खूप रडले, ते सगळं झालं. पण ते धावणं, अझेली... अकरा आठवडे डोकं खाली करून पडले होते मी. त्या दिवशी पाय जमिनीला लागले, फरशी अशी गार होती. तू तिकडे मरायला टेकलेली आणि मला वाटलं, आहा, फरशी. त्याचीच मला लाज वाटायची. एवढी वर्षं मी कुणाला सांगितलं नाही."

अझेलीनं तिच्याकडे बघितलं आणि दोघींनाही हसू फुटलं. मॉडनं ओठांनी दात झाकायचा प्रयत्न केला, पण खालचे ते दोन दात आता राहिले नव्हते. अझेलीचे डोळे गळत होते, ती पुसायच्या भानगडीत पडली नाही.

नोएमी जाऊन तिघींसाठी चहा घेऊन आली. मग मॉडनं वही अझेलीपुढे सरकवली आणि रोज-आल्माचं विचारलं. ती गेली, पण तिच्या जुळ्यांपैकी एकजण मंक्टनला न्हावी आहे आणि बोलण्यात आईवर गेलाय, हे अझेलीनं लिहून दिलं. त्या खोलीतल्या नर्सांची नावं आठवायचा दोघींनी प्रयत्न केला. चार आठवली, पाचवीवरून वाद झाला.

बत्तिसाव्या आठवड्यात वार वर सरकलेली निघाली. नोएमी शेवटच्या महिन्यापर्यंत शाळेत शिकवायला जात होती, आणि बाळंतपण मंक्टनलाच, सरळ झालं. मुलगा. डॉ. वियेनो तेव्हा रजेवर होती, दुसऱ्याच कुणी डॉक्टरनं केलं.

अझेलीनं सॅकव्हिलला फोन लावला. उचलणाऱ्या मुलीनं सांगितलं, टिंगलीबाईंना फोनवर ऐकू येत नाही, निरोप असेल तर कागदावर लिहून दाखवते. अझेलीनं निरोप दिला. मुलगी जाऊन आली.

"त्या विचारतायत, वजन किती."

"साडेतीन किलो."

मुलगी पुन्हा गेली, पुन्हा आली. "त्या म्हणतायत, रविवारी घेऊन या. आणि येताना लोकर आणा, पांढरी नको, लगेच मळते."